झोपलेल्या कासवाला पाणी: एका गड्ड्याच्या वर्षभराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका निवृत्त शिक्षकांच्या खिडकीत घडलं. त्यांना इथे ‘काका’ म्हटलंय, कारण मी त्यांना काकाच म्हणतो. ओळख पटेल असं बाकी सगळं गाळलंय. झाडांचा नाद त्यांना कधीच नव्हता. एका नातेवाइकाला घर बदलायचं होतं, सगळ्या कुंड्या बरोबर नेणं जमणार नव्हतं, आणि ऑक्टोबरमध्ये त्यातली एक काकांच्या गळ्यात पडली.

कुंडीच्या तोंडाशी एक तपकिरी, लाकडासारखा टणक गड्डा बसलेला. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरा मोठा, खालून चपटा, वरून कासवाच्या पाठीसारखा चौकटी चौकटींनी भेगाळलेला. त्याच्या डोक्यातून सुतळीएवढा एकच वेल निघून काठीवर चढलेला, आणि वेलाला हृदयाच्या आकाराची टवटवीत पानं. खाली दगड आणि वर नाजूक वेल, असली दोन झाडं कुणी गंमत म्हणून जोडून ठेवावीत तसा प्रकार. मातीत खोचलेल्या पट्टीवर नाव होतं: डायॉस्कोरिया एलिफंटिपीस.

एलिफंटिपीस म्हणजे हत्तीच्या पायाचा. काकांना ते पसंत पडलं नाही. “आजाराचं नाव वाटतं,” म्हणाले, आणि त्यांनी त्याला कासव म्हणायला सुरुवात केली. गंमत अशी की वनस्पतिशास्त्रज्ञांनाही एकेकाळी हेच सुचलं होतं. हे झाड पूर्वी टेस्टुडिनारिया नावाच्या वेगळ्या वंशात ठेवलेलं असायचं, आणि लॅटिनमध्ये टेस्टुडो म्हणजे कासव.

मूळ घर दक्षिण आफ्रिकेत, केप भागातल्या कोरड्या, खडकाळ उतारांवर. कारांद्याचा वेल ज्या डायॉस्कोरिया वंशातला, त्याच वंशातलं हे. नात्यातले बहुतेक वेल आपला कंद जमिनीत दडवतात; हा तो अर्धाअधिक उघड्यावर ठेवतो आणि त्यावर बुचासारख्या सालीचं चिलखत चढवतो. रानातले म्हातारे गड्डे जवळपास मीटरभर उंच होतात. शौकीन मंडळी अशा फुगीर बुंध्याला ‘कॉडेक्स’ म्हणतात, मी इथे गड्डाच म्हणेन. जगण्याची रीत साधी आहे: गड्ड्यात पाणी आणि पिष्ट साठवायचं, हंगाम आला की वेल सोडायचा, हंगाम सरला की वेल टाकून देऊन पडून राहायचं.

घोळ या हंगामापाशी होतो. आपल्या ओळखीची बहुतेक झाडं उन्हाळ्यात वाढतात. उत्तर गोलार्धात रुळलेला हा गड्डा साधारणपणे उन्हाळा ओसरल्यावर जागा होतो, हिवाळाभर वाढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पिवळा पडून झोपतो. त्यातलं ‘साधारणपणे’ महत्त्वाचं. मूळ प्रदेशातच पश्चिमेला पाऊस हिवाळ्यात पडतो, पूर्वेकडे तो इतर महिन्यांतही पडतो. त्यामुळे झाडागणिक वेळापत्रक मागेपुढे होतं, आणि एकाच झाडाचंही दरवर्षी तेच राहील याची हमी नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरतं. काका वही लिहितात. चाळीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस. कुंडी आली त्या दिवसापासून तारीख, पाणी, वेलाची लांबी, सगळं टिपलेलं. डिसेंबरमध्ये एक पान गळलं तर त्यांनी ते कागदावर ठेवून पेन्सिलीनं त्याची कड गिरवून ठेवली. जानेवारीत ‘माती आत ओली आहे की सुकी, बोटाला कळत नाही’ म्हणून त्यांनी अख्खी कुंडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायला सुरुवात केली. हे त्यांना कुणीही शिकवलं नव्हतं.

पहिला प्रसंग: पानं पिवळी पडली

हिवाळा उत्तम गेला. वेल दोन मीटरच्या वर गेला आणि खिडकीच्या जाळीवर पसरला. मार्चअखेरीस खालची पानं पिवळी पडू लागली. ऊन तापत होतं, तेव्हा काकांनी कुणीही काढला असता तोच अर्थ काढला की झाडाला पाणी कमी पडतंय. आठ-नऊ दिवसांनी पाणी द्यायचे ते दर तीन दिवसांनी द्यायला लागले. पानं पिवळी पडायची थांबली नाहीत. 20 एप्रिलला मला फोन आला.

“अरे, याला पाणी घालून घालून थकलो. हे पिणारं कासव आहे की बुडणारं?”

मी पाणी तिथल्या तिथे बंद करायला सांगितलं. वेल ओढू नका, तो आपोआप सुकून सुटेल, तोवर पानांतलं सत्त्व गड्ड्यात परत जात असतं, हेही सांगितलं. मेच्या मध्यावर वेल कडकडीत सुकून डोक्याशी तुटला. इथवर सल्ला ठीक होता.

पण त्या वेळी मी वही मागवली नाही. नंतर पाहिली तेव्हा कपाळावर हात मारला. जानेवारीत पाणी दिल्यावर कुंडीचं वजन 790 ग्रॅम व्हायचं आणि नऊ दिवसांत 620 वर यायचं. मार्चच्या मध्यावर पाणी दिल्यावर तेच 790, पण नऊ दिवसांनी काटा 700 वर. ऊन वाढलेलं असताना कुंडी आधीपेक्षा हळू सुकत होती, म्हणजे झाडानं पाणी ओढणं थांबवलं होतं. पानं पिवळी पडलेली दिसण्याआधी, चार-पाच दिवस तरी, हे काट्यावर दिसत होतं. काकांनी आकडे लिहिले होते, पण शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. आणि मी तर विचारलेच नव्हते.

तहानेनं पिवळं पडणं आणि झोपेसाठी पिवळं पडणं यांत नुसत्या नजरेनंही थोडा फरक करता येतो. तहानलेल्या वेलाचे शेंडे आधी माना टाकतात, पानं मऊ लोंबतात. झोपायला निघालेल्या वेलाची पानं ताठच राहतात आणि बुंध्याकडून शेंड्याकडे क्रमानं रंग सोडतात. पण ही खूण शंभर टक्के नाही, कारण मुळं कुजली तरी पानं पिवळी पडतात. वजनाचा आकडा निदान झाड तहानलेलं आहे की नाही एवढं तरी सांगतो.

दुसरा प्रसंग: झाड नक्की कोणतं?

आता माझ्या चुकीकडे येतो.

जूनमध्ये काकांनी गड्ड्याचे चार-पाच फोटो पाठवले, वेलाशिवायचे. ते पाहून मला शंका आली. एलिफंटिपीसचे खवले खोल भेगांचे, पिरॅमिडसारखे उठावाचे असतात. या गड्ड्याचे अगदी चपटे होते, नुसत्या रेघा मारल्यासारखे. चपट्या खवल्यांचं याच वंशातलं दुसरं झाड आहे, डायॉस्कोरिया मेक्सिकाना, आणि दोघांच्या पट्ट्यांची अदलाबदल ही या शौकातली नेहमीची गोष्ट. झाडांच्या नादातल्या आणखी एका मित्राला फोटो दाखवले, तोही म्हणाला, मेक्सिकाना दिसतंय.

(हे मेक्सिकाना स्वतःही भलतंच नामांकित झाड आहे. रसेल मार्कर हा अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ 1942 साली मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ भागात जाऊन याचेच कंद घेऊन आला. त्यातल्या डायॉस्जेनिन या द्रव्यापासून त्यानं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार केलं, आणि पुढचा संप्रेरकांचा मोठा उद्योग त्यावर उभा राहिला. काकांना हे सांगितलं तेव्हा ते भारीच खूश झाले. त्या खुशीचाही पुढच्या निर्णयात थोडा हात असावा.)

नावावरून एवढं डोकं चालवायचं कारण हे की दोघांची वेळापत्रकं उलटी. मेक्सिकाना उष्ण भागातलं, ते उन्हाळ्यात वाढतं आणि थंडीत झोपतं. म्हणजे पट्टी बरोबर असेल तर जूनमधलं उघडं डोकं ही निरोगी झोप होती, आणि पट्टी चूक असेल तर भर हंगामात बिनवेलाचं बसलेलं ते एक आजारी झाड होतं.

पर्याय तीन होते. एक, पट्टीवर विश्वास ठेवून गड्डा कोरडा ठेवायचा आणि शरदाची वाट पाहायची. दुसरा, मेक्सिकाना धरून उबेत पाणी द्यायचं, म्हणजे उरलेल्या हंगामात तो वेल सोडेल. तिसरा, कुंडीतून काढून मुळं बघायची. तिसरा मी लगेच बाद केला, झोपलेल्या झाडाची मुळं उगाच हलवू नयेत म्हणून. पहिल्या दोनांत मी दुसऱ्याकडे झुकलो. काकांना म्हणालो, “काका, एकदा भरपूर पाणी देऊन बघू. मेक्सिकाना असेल तर पंधरा दिवसांत कोंब दाखवेल.”

“आणि नसेल तर?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “नसेल तर एकदोनदा पाणी मिळाल्यानं काही बिघडत नाही.”

हे वाक्य चूक होतं. कोकोपीट, म्हणजे पाणी धरून ठेवणारा नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेल्या प्लॅस्टिकच्या कुंडीत, एकही पान नसलेल्या गड्ड्याचं एकदोनदा पाणी मिळाल्यानंच बिघडतं. पाणी ओढायला वर कुणी नाही आणि खालून ते निघून जात नाही. हा हिशोब मी दुसऱ्या कुणाला दहा वेळा सांगितला असता. पण झाड ओळखल्याचा आनंद डोक्यात गेला की असं होतं.

प्रत्यक्ष काय केलं

10 जूनला पहिलं पाणी, 20 जूनला दुसरं. काकांनी वजनं टिपली. दुसऱ्या पाण्यानंतर 785. बारा दिवसांनी, म्हणजे 2 जुलैला, 735. कोंबाचं नाव नाही.

त्याच दिवशी काकांचा फोन. या वेळी चेष्टा नव्हती. “कुंडीला वास येतोय. आणि एका बाजूला, मातीला टेकतं तिथे, दाबलं तर बोट आत जातंय.”

मी तासाभरात पोचलो. कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढला. मुळं बहुतेक सगळी गेलेली. जी होती ती तपकिरी, ओढली की वरचं साल हातात यायचं आणि आत दोऱ्यासारखी नस उरायची. गड्ड्याच्या बुडाशी, एका कडेला, अंगठ्याच्या नखाएवढा भाग मऊ. तिथलं बुच नखानं सहज सुटलं आणि खाली पिवळट, ओलसर लगदा, आंबूस वासाचा. बाकीचा गड्डा दगडासारखा घट्ट होता. काट्यावर नुसता गड्डा 248 ग्रॅम.

इथे पुन्हा दोन वाटा होत्या. वाळवत ठेवून कूज आपोआप थांबते का पाहायचं, किंवा कापायचं. वरवरची ओल असती तर मी वाळवलं असतं. पण लगदा खोल किती आहे ते न कापता कळणार नव्हतं, आणि गड्ड्याचा गर सलग असतो. आत शिरलेली कूज वरून दिसत नाही, दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. कापायचं ठरलं. काका कटर धरायला तयार नव्हते, त्यांनी टॉर्च धरली.

कटरचं पातं स्पिरिटनं पुसायचं, एक चकती काढायची, पुन्हा पुसायचं. पहिल्या चकतीत पिवळा डाग मोठा होता, दुसरीत शेंगदाण्याएवढा, तिसरीत टाचणीच्या डोक्याएवढा. चौथ्या कापाला सगळीकडे सारखा, दुधी पांढरा गर आला आणि त्यावर चिकट पाण्याचे थेंब जमले. त्यानंतर सावध म्हणून आणखी एक पातळ काप. कडेला बुचाचा भाग तिरपा तासला, म्हणजे गर सुकून आत ओढला गेला तरी कडेत ओल अडकायला खाच राहू नये. मग गंधकाची पूड. या झाडाच्या रसात सॅपोनिनं, म्हणजे साबणासारखा फेस आणणारी द्रव्यं, असतात, पोटात जायला नकोत, काहींच्या त्वचेलाही झोंबतात, म्हणून हातमोजे घातले होते आणि नंतर पातं, टेबल सगळं धुऊन काढलं. काढलेला भाग 11 ग्रॅम भरला. काकांनी तोही आकडा लिहिला.

गड्डा जखम वर करून, सावलीत, वारा खेळेल अशा जागी तीन आठवडे ठेवला. जखमेवर खरखरीत, फिकट तपकिरी खपली धरली. वजन 231 वर आलं आणि तिथे रेंगाळलं. मग मातीची कुंडी, आधीच्या प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा उथळ. मिश्रणात तीन भाग प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि भरड वाळू, एक भाग चाळलेली साधी माती. कोकोपीट अजिबात नाही. गड्डा असा बसवला की कापलेली बाजू मातीच्या वर, बारीक खड्यांना टेकून राहील. पाणी शून्य.

वहीतलं पान

गड्डा वाळत होता त्या दिवसांत मी पहिल्यांदा वही नीट चाळली, आणि डिसेंबरच्या पानावर ती गिरवलेली कड सापडली. पान रुंदीला 4.5 सेंमी, लांबीला 3.5. म्हणजे लांबीपेक्षा रुंदी जास्त, जवळजवळ मूत्रपिंडाच्या आकाराचं, टोकाला नुसता एक बारीक काटा. मेक्सिकानाचं पान मोठं असतं आणि त्याचं टोक लांब, निमुळतं होत गेलेलं. शिवाय वेलानं अख्खा हिवाळा वाढून दोन मीटरची मजल मारली होती. मेक्सिकाना त्या महिन्यांत झोपलं असतं. पट्टी पहिल्यापासून बरोबर होती.

मग खवले चपटे का? कारण गड्डा लहान होता. दर हंगामात बुचाचा नवा थर आतून धरतो, गड्डा फुगतो, वरचं जुनं साल फाटत जातं आणि खवले उंच होत जातात. ती खोली वयानं येते. मी मनात म्हाताऱ्या झाडाचं चित्र धरून पोराचा चेहरा ओळखायला गेलो होतो. पान, हंगाम आणि वजन हे तिन्ही पुरावे वहीत तयार असताना निकाल दिला तो फोटोवरून.

काकांना हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “म्हणजे आम्ही गृहपाठ केला होता, मास्तरांनी तपासला नाही.”

तिसरा प्रसंग: काहीच न करणं

सगळ्यात अवघड भाग हाच होता, आणि यात काका माझ्यापेक्षा पक्के निघाले.

आता झाड एलिफंटिपीस, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात कोंब यायला हवा. सप्टेंबर गेला. ऑक्टोबर उजाडला. गड्ड्याच्या डोक्यावर काही नाही. पुन्हा तेच प्रश्न: मेलं की झोपलंय? जखमेखाली आत काही कुजत असेल का? ओळखीतल्या लोकांनी सुचवलेले उपाय असे: थोडं पाणी देऊन ‘आठवण करून’ द्या, सुई टोचून बघा, जिबरेलिक आम्लाचं (झाडाची वाढ चेतवणाऱ्या संप्रेरकाचं) द्रावण लावा, पुन्हा काढून बुड तपासा. या शेवटच्याचा आग्रह माझाच होता. मन लागत नव्हतं, दुसरं कारण नाही.

काकांनी वही पुढे केली. ऑगस्टपासून दर रविवारी वजन. दर आठवड्याला एक किंवा दोन ग्रॅम घट, सारखी, न चुकता. त्यांचा मुद्दा असा: आत कुजत असेल तर गड्डा कुठेतरी मऊ लागेल किंवा वजन एकदम उतरेल, यातलं काही होत नाहीये, आणि नुसतं वाळून मरत असेल तर इतक्या कमी घटीनं त्याला मरायला कितीतरी महिने लागतील. मग घाई कुणाला आहे?

मी त्यावर घेतलेले दोन आक्षेप सांगतो. एक, कुजून पाणी आतच राहिलं तर वजन उतरणार नाही. खरंय, म्हणून वजनाबरोबर दर रविवारी गड्डा चारी बाजूंनी अंगठ्यानं दाबून पाहायचं ठरलं. दुसरा, मुळं नसलेला गड्डा पाणी न मिळाल्यानं नवी मुळं धरणारच नाही. यावर आमचं एकमत झालं नाही. शेवटी तडजोड म्हणून ऑक्टोबरपासून पंधरा दिवसांतून एकदा, कुंडीच्या कडेकडेनं, गड्ड्यापासून लांब, अर्धा पेला पाणी. उथळ मातीची कुंडी ते दोन दिवसांत सुकवून टाकायची. त्यानं मुळांना मदत झाली की नाही हे सांगता येणार नाही. नुकसान झालं नाही, एवढं दिसलं.

कुंडी मात्र हलवली. आधी ती स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती, रात्रीही उबदार. हा गड्डा जागा होण्यात रात्रीच्या गारव्याचा मोठा वाटा असतो. घरातल्या सारख्याच उबेत ठेवलेली झाडं उशिरा उठतात, हे माझ्याकडच्या कुंड्यांतही पाहिलं आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती उत्तरेच्या खोलीत, उघड्या खिडकीशी नेली.

23 नोव्हेंबरची नोंद: “डोक्यावर दोन खवल्यांमध्ये जांभळट टिंब. काल नव्हतं असं वाटतं. भिंगातून पाहिलं. टोकदार.”

आठवड्यात त्याचा बोटभर, बिनपानाचा, जांभळट हिरवा कोंब झाला. तोवर पाणी वाढवायचं नाही असं ठरलं होतं. कोंब गड्ड्यातल्या साठ्यावर वाढतो, त्याला बघून लगेच कुंडी भिजवायची नसते. पहिलं पूर्ण पाणी पानांच्या घड्या दिसल्यावर दिलं. त्यानंतर वेलानं वेग धरला, एका टप्प्यावर पाच दिवसांत 19 सेंमी. कोंबाचा शेंडा अगदी ठिसूळ असतो, बांधायला गेलं की मोडतो. काकांनी म्हणून एक दोरा वरून सोडला आणि वेलाला स्वतःच वळसे घेऊ दिले.

निष्पत्ती

त्या हंगामात वेल 70 सेंमीवर थांबला, आधीच्या वर्षीच्या एक तृतीयांश. पानं लहान, पण निरोगी. गड्डा फुगला नाही. एप्रिलअखेरीस परीघ मोजला तो आधीपेक्षा 2 मिमी कमीच भरला, अर्थात एक कड कापलेली असल्यानं या तुलनेला फार अर्थ नाही. मुळं धरली आहेत हे वजनावरून कळलं: जानेवारीत दिलेलं पाणी आठवड्यात उतरू लागलं होतं. जखमेवरची खपली बुचासारखी झाली आहे, पण तिथे खवले नाहीत, सपाट टक्कल आहे. ते बहुधा तसंच राहील.

पुढच्या मेमध्ये पानं बुंध्याकडून पिवळी पडू लागली. काकांनी मला फोन केला नाही. दोन आठवड्यांची वजनं शेजारी मांडली, पाणी थांबवलं आणि मला फक्त वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्या वर्षी कोंब 4 ऑक्टोबरला आला. दोन वर्षांत दीड महिन्याहून जास्त फरक, आणि झाड तेच.

वेगळं काय करता आलं असतं

एप्रिलच्या त्या पहिल्या फोनवर मी ‘पाणी बंद करा’ म्हणण्याआधी ‘काय काय टिपलंय?’ असं विचारायला हवं होतं. सल्ला तोच निघाला असता, पण पान आणि हिवाळ्यातली वाढ माझ्या डोळ्यांसमोर आली असती आणि जूनमधली मेक्सिकानाची कल्पना उभीच राहिली नसती.

जूनमध्ये नाव चुकलं त्याचं मला तितकं वाईट वाटत नाही, नावं चुकतात. वाईट वाटतं ते दोन्ही चुकांची किंमत न मोजल्याचं. खरोखर मेक्सिकाना असतं आणि आम्ही ते कोरडं ठेवलं असतं, तर एक हंगाम वाया गेला असता, गड्डा थोडा आकसला असता, बस. एलिफंटिपीस असताना ओलं केलं तर गड्डाच जाण्याची भीती. नाव पक्कं नव्हतं तर कमी नुकसानीची बाजू धरायला हवी होती, म्हणजे कोरडं ठेवायला. आणि पाणी द्यायचंच होतं तर आधी कोकोपीट बदलून. मुळं हलू नयेत म्हणून मी जो पर्याय बाद केला, तोच महिनाभरानं कूज लागल्यावर करावा लागला.

कुंडी आली तेव्हाच, ऑक्टोबरात, वाढीच्या सुरुवातीला माती बदलली असती तर मार्चमधलं जास्तीचं पाणीही बहुधा पचलं असतं. नवं झाड घरी आलं की त्याला ‘रुळू द्यावं’ म्हणून माती बदलायची टाळतात. एरवी मीही टाळतो. पण गड्ड्याचं झाड कोकोपीटमध्ये आलं असेल तर मी आता थांबत नाही.

कापण्याच्या निर्णयाबद्दल दुमत आहे. झाडांच्या नादातला तो मित्र म्हणतो, अंगठ्याच्या नखाएवढी कूज नुसती खरवडून वाळवली असती तरी चाललं असतं, पाचवा काप उगाच घेतला. असेलही. तिसऱ्या चकतीतला टाचणीएवढा डाग मी पाहिला होता, त्यानं नाही.

आणि काकांशी एक वाद अजून मिटलेला नाही. पुढच्या वेळी माती बदलताना टक्कल पडलेली बाजू खाली पुरायची की वरच ठेवायची? मी म्हणतो पुरा, तिथून मुळं फुटतील, गड्डा नीट बसेल. ते म्हणतात, जिथून एकदा कुजलं तिथे पुन्हा माती लावायची नाही. कुंडी त्यांची आहे. टक्कल वर आहे.